मागणी आणि गरज : ‘बोल प्रोसेसर’ या संगीतरचना-प्रणालीचा इतिहास

1. प्रास्ताविक

संगणकावर संगीतरचना करणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी प्रणालीच्या कर्त्यांकडे काही तरी मागितलेले असते. ‘एवढी एक सोय करून द्या’ असे ते मागणे असते. कोणाला सात मात्रांचा ताल नीट मांडता येत नाही, कोणाला मींड दाखवायची असते, कोणाला स्वर थोडा उतरलेला हवा असतो. कर्ते त्यावर हो म्हणतात, नाही म्हणतात किंवा वेगळेच काही तरी करून देतात. प्रणालीची पुढची आवृत्ती बऱ्याच अंशी या देवाणघेवाणीतून घडते.

इतिहासाच्या अभ्यासकाने या देवाणघेवाणीकडे का पाहावे? कारण प्रत्येक मागणीमागे संगीताविषयीची एक समजूत असते आणि तिला दिलेल्या उत्तरामागेही एक समजूत असते. या दोन समजुती जेथे जुळत नाहीत, तेथे कोणाचे संगीत यंत्रात मावेल आणि कोणाचे बाहेर राहील, हे ठरते.

या पाठात आपण एकच उदाहरण तपशिलाने पाहणार आहोत. ते भारतातले आहे, लखनौच्या तबल्याशी जोडलेले आहे आणि त्याची सुरुवात एका साध्या टंकलेखनाच्या अडचणीतून झाली. त्या प्रणालीचे नाव ‘बोल प्रोसेसर’. शेवटी तुलनेसाठी ‘फिनाले’ या स्वरलेखन-प्रणालीकडे थोडक्यात वळू.

2. पार्श्वभूमी : लखनौ, तबला आणि एक संशोधक

1981 साली जेम्स किपेन हे ब्रिटिश संगीत-मानवशास्त्रज्ञ लखनौला आले. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात ते जॉन ब्लॅकिंग यांचे विद्यार्थी होते. लखनौ घराण्याचे खलिफा उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्याकडे त्यांनी तबल्याची तालीम घेतली. उस्तादांचे आजोबा आबिद हुसेन खाँ यांनी लखनौच्या मॅरिस कॉलेजात तबला शिकवला होता. मुंबईच्या पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने 1926 मध्ये स्थापन झालेले ते हे महाविद्यालय. घराण्याची मौखिक परंपरा आणि आधुनिक संस्थेतले शिक्षण यांची गाठ या कुटुंबात आधीच पडलेली होती.

तबल्याची विद्या बोलांतून दिली जाते. धा, धिं, ता, ति, ट, गे, के अशा अक्षरांनी प्रत्येक आघाताला, किंवा दोन हातांच्या एकत्र आघाताला, नाव मिळते. शिष्य आधी बोल तोंडी म्हणतो, मग हाताने वाजवतो. ‘कायदा’ या रचनाप्रकारात एक मूळ बंदिश असते आणि तिच्यातलेच बोल फिरवून, पुनरुक्त करून, त्यांची जागा बदलून पलटे केले जातात. ‘कायदा’ या शब्दाचा अर्थच नियम असा आहे. मात्र हे नियम कोणी सूत्ररूपाने सांगत नाही. उस्ताद पलटा वाजवून दाखवतात, शिष्य स्वतः करून पाहतो आणि उस्ताद ‘हे चालेल’ किंवा ‘हे चालणार नाही’ असे सांगतात.

किपेन यांना नेमके हेच समजून घ्यायचे होते : न सांगितलेले नियम कोणते, आणि जाणकार कलावंत ते कसे वापरतो?

3. पहिली मागणी : बोल लवकर टिपता यावेत

संशोधकाला हजारो बोल लिहून काढावे लागतात. रोमन लिपीच्या कळफलकावर ‘धा’ लिहायला तीन कळा लागतात, ‘धिं’ला चार. ओळी मात्रांप्रमाणे एकाखाली एक जुळवायच्या, दुरुस्ती करायची, पुन्हा जुळवायच्या, असे हे वेळखाऊ काम. त्या वेळी भारतात काम करणारे फ्रेंच अभियंता बर्नार्ड बेल यांनी किपेन यांच्यासाठी अ‍ॅपल संगणकावर एक छोटी लेखन-प्रणाली तयार केली. बोल टिपणे सोपे करणे, हा तिचा पहिला हेतू. एका कळीला एक बोल नेमून दिला की लेखन झपाट्याने होते.

येथे थोडे थांबा. मागणी टंकलेखनाच्या सोयीची होती आणि ती पुरी झाली. बहुतेक प्रणालींची गोष्ट येथे संपते. पण बोल हे एकक मानल्याबरोबर यंत्राच्या दृष्टीने काहीतरी बदलले होते. आता त्याच्यासमोर अक्षरांची रांग उरली नव्हती. तबलजी ज्यांत विचार करतो त्या चिन्हांची रांग आली होती. अशा रांगेला व्याकरण लावता येते. 1950 च्या दशकात नोम चॉम्स्की यांनी भाषेसाठी नियमबद्ध व्याकरणांची जी मांडणी केली होती, तिचा उपयोग येथे होण्यासारखा होता. त्यातून प्रणालीचे रूप पालटले. संशोधकाने कायद्याचे नियम लिहायचे आणि यंत्राने त्या नियमांनुसार नवे पलटे रचायचे, असे काम सुरू झाले.

4. दुसरी मागणी : खाली आणि भरी

समजा, तुम्ही प्रणालीचे कर्ते आहात आणि एक तबलजी म्हणतो, “भरीचा भाग लिहिला की खालीचा भाग आपोआप यावा.” ही मागणी सोपी वाटते. भरीत डग्गा घुमतो, खालीत त्याची घुमारी थांबते. म्हणून धा असेल तेथे ता, धिं असेल तेथे तिं, गे असेल तेथे के. शोधा आणि बदला, अशी एक आज्ञा दिली की झाले!

आता कोणताही पारंपरिक कायदा कानांनी तपासा. खालीचा भाग अनेकदा शेवटपर्यंत खाली राहत नाही. समेकडे जाताना डग्गा पुन्हा बोलू लागतो आणि खुले बोल परत येतात. सगळीकडे सरसकट बदल केला, तर समेवर येण्याची ती ओढ नाहीशी होते. शिवाय ति, ट यांसारखे बोल दोन्ही भागांत तसेच राहतात. म्हणजे मागणी शब्दशः पुरवली तर मागणाऱ्याचीच पंचाईत होते.

बोल प्रोसेसरमधले उत्तर या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. व्याकरणात एखाद्या भागाला ‘मूळ’ म्हणून खूण करता येते आणि पुढे त्याची ‘प्रत’ कोठे यावी, हे सांगता येते. मूळ भागात यंत्राने जी निवड केली असेल, तीच प्रतीत जशीच्या तशी येते. प्रतीच्या आधी वेगळी खूण केली, तर खुल्या बोलांच्या जागी बंद बोल येतात. कोणत्या बोलाचे कोणत्या बोलात रूपांतर व्हावे, ते कोष्टक वापरणाऱ्याने स्वतः द्यायचे. प्रत कोठे खाली असेल आणि कोठे भरी, हेही त्यानेच ठरवायचे.

यातला फरक लक्षात घ्या. कर्त्याने खाली-भरीचा एक ठरावीक नियम यंत्रात कोंबला नाही. ‘आधीचे आठव आणि बदलून पुन्हा म्हण’ ही क्षमता यंत्राला दिली आणि ती कशी वापरायची, ते संगीताच्या जाणकाराकडे ठेवले.

5. कळफलकावर न बसणारा वापरकर्ता

या प्रणालीचा वापरकर्ता कोण होता? कळा दाबणारे किपेन, असे उत्तर पटकन सुचेल. पण तिच्या वाढीला दिशा दिली ती उस्तादांच्या निवाड्यांनी. यंत्राने रचलेले पलटे जाणकारासमोर ठेवायचे, त्याने ते मान्य किंवा अमान्य करायचे, अमान्य झाल्यास व्याकरण सुधारायचे आणि पुन्हा नवे पलटे काढायचे, अशी ही पद्धत होती. किपेन यांनी तिला द्वंद्वात्मक पद्धती म्हटले. संशोधकाने एकदाच माहिती गोळा करून निष्कर्ष काढण्याऐवजी तो आपला निष्कर्ष पुन:पुन्हा कलावंतासमोर तपासायला ठेवतो.

या तपासणीत दोन प्रकारच्या चुका होऊ शकतात. व्याकरण फार सैल असेल, तर यंत्र भलतेसलते पलटे रचते आणि उस्ताद ते नाकारतात. व्याकरण फार घट्ट असेल, तर यंत्राचे सगळे पलटे बरोबर येतात, पण उस्तादांनी स्वतः वाजवलेला पलटा त्या नियमांत बसत नाही. पहिली चूक लगेच कानावर येते. दुसरी सहज लपून राहते, कारण यंत्राने जे रचलेच नाही, त्याची तक्रार कोण करणार? म्हणून बोल प्रोसेसरला उलट दिशेचे कामही शिकवण्यात आले. कलावंताने वाजवलेला पलटा टिपून द्यायचा आणि तो सध्याच्या व्याकरणात बसतो की नाही, हे यंत्राने सांगायचे. बसत नसेल तर चूक कलावंताची मानायची नाही. सुधारायचे असते व्याकरण.

आणखी एक अडचण होती. व्याकरणात बसणारा प्रत्येक पलटा सारखाच शक्य मानला, तर यंत्राची निवड विस्कळीत वाटते. वादक असे करत नाही. काही वळणे त्याच्या हातून सहज येतात, काही क्वचित. यावर उपाय म्हणून प्रत्येक नियमाला वजन देण्यात आले. जास्त वजनाचा नियम अधिक वेळा निवडला जातो, आणि एकदा वापरला की त्याचे वजन कमी होत जाईल, अशीही योजना करता येते. एकच युक्ती सारखी वापरली की ऐकणारा कंटाळतो, हे कोणत्याही मैफलीतले शहाणपण येथे आकड्यांत उतरले.

या कामातून किपेन यांचा लखनौच्या तबल्यावरील ग्रंथ आणि दोघांचे अनेक शोधनिबंध पुढे आले. ग्रंथ 1988 मध्ये प्रसिद्ध झाला. उस्ताद आफाक हुसेन खाँ 1990 मध्ये निवर्तले.

6. मध्यस्थाचा प्रश्न

या पद्धतीत एक कच्चा दुवा होता आणि तो कर्त्यांनी स्वतःच दाखवला. उस्ताद ‘नाही’ म्हणाले, की त्या ‘नाही’चा अर्थ लावून नियम बदलणारा माणूस संशोधक होता. पलटा लयीत बसत नाही म्हणून नाही? बोलांची जोडी हाताला अवघड म्हणून नाही? की घराण्यात तसे वाजवत नाहीत म्हणून नाही? संशोधक आपल्या समजुतीप्रमाणे कारण धरणार आणि व्याकरणात त्याचीच छाया पडणार.

म्हणून बेल आणि किपेन यांनी पुढे अशी प्रणाली रचली, की जी उदाहरणांवरून स्वतःच बोलांचे शब्द पाडील, नियम सुचवील आणि खात्री नसेल तेथे जाणकाराला प्रश्न विचारील. तिचे नाव ‘कवाइद’. उर्दूत या शब्दाचा अर्थ व्याकरण. ‘कायदा’ या शब्दाचेच हे बहुवचन. प्रश्न विचारणे, उत्तराने पडताळणे आणि अनुमान काढणे, असे इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांतूनही सुचवलेले होते.

या प्रयोगाच्या मर्यादाही ओळखल्या पाहिजेत. यंत्र चिन्हांवर काम करत होते. बोटाचा निकास, डग्ग्याची घुमारी, तळव्याचा दाब या गोष्टी ‘धा’ या एका चिन्हात येत नाहीत. कलावंताचा निवाडाही नेहमी हो किंवा नाही अशा दोन टोकांत मावत नाही. ‘चुकीचे नाही, पण मी वाजवणार नाही’ हे उत्तर व्याकरणात कोठे ठेवायचे? हा प्रश्न आजही संगणकाकडून संगीत रचवून घेणाऱ्या प्रत्येकासमोर आहे.

7. नवे वापरकर्ते, नव्या मागण्या

1983 मध्ये इलेक्ट्रॉनिक वाद्यांना आणि संगणकांना जोडणारे ‘मिडी’ हे मानक आले. बोल प्रोसेसरची दुसरी पिढी मॅकिंटॉश संगणकावर, मिडीसह तयार झाली. आता यंत्र पलटा लिहून थांबत नव्हते, वाजवतही होते. वापरणारेही बदलले. तबल्याच्या अभ्यासकांबरोबर पाश्चात्त्य पद्धतीचे आधुनिक रचनाकार आणि नृत्यरचनाकार आले. त्यांना एकाच वेळी अनेक आवाज हवे होते. तबल्याच्या बोलांची रांग एकेरी होती. तिच्यात यांचे संगीत मावेना.

या मागणीला दिलेले उत्तरही मूळ गरजेपर्यंत जाणारे होते. समजा, एका आवाजात सा रे ग असे तीन स्वर आहेत आणि दुसऱ्यात प ध असे दोन. दोन्ही एकाच कालावधीत बसवायचे आहेत. रचनाकाराने दोन्ही रांगा एका महिरपी कंसात स्वल्पविरामाने वेगळ्या करून लिहायच्या. प्रत्येक स्वराला किती काळ द्यायचा, हे यंत्र काढते. तिस्र आणि चतुस्र जातींची लय एकावर एक ठेवणाऱ्या भारतीय वादकाला ही कल्पना परकी वाटणार नाही. पाश्चात्त्य रचनाकाराच्या मागणीतून आलेली सोय तबल्याच्या अभ्यासकालाही उपयोगी पडली, कारण उत्तर एका शैलीपुरते दिलेले नव्हते.

सध्याची तिसरी पिढी मुक्त-स्रोत आहे. समान अंतराच्या बारा स्वरांबाहेरच्या स्वरांतराची सोय तिच्यात आहे. मिडीचा स्वरक्रमांक पियानोच्या पट्ट्यांच्या कल्पनेवर उभा असल्याने श्रुतींची बारीक अंतरे त्यात सहज मावत नाहीत. बेल यांनी 1980 च्या दशकात भारतीय संगीतातील स्वरांच्या मापनावरही काम केले होते. त्या जुन्या प्रश्नाला येथे जागा मिळाली.

पुढे 1990 च्या दशकाच्या अखेरीस हेच बेल, गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांच्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात सहभागी झाले. त्यांनी ओव्यांचा संगणकीय संग्रह उभारण्यास मदत केली आणि 120 तासांहून अधिक ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. ओव्या गाणाऱ्या बाया कोणत्याही प्रणालीकडे काही मागायला आल्या नव्हत्या. तरीही गाव, गायिका, विषय आणि आवाज यांसह त्यांची ओवी सापडावी, ही गरज होतीच.

8. तुलना : ‘फिनाले’चा धडा

आता दुसरे टोक पाहू. ‘फिनाले’ ही पाश्चात्त्य स्वरलेखनाची प्रणाली 1988 मध्ये बाजारात आली. चित्रपट, नाटक, वाद्यवृंद, शाळा अशा अनेक क्षेत्रांत ती वापरली गेली. पस्तीस वर्षांहून अधिक काळ वापरकर्ते सोयी मागत राहिले आणि त्यांतल्या कित्येक त्यांना मिळाल्या. ऑगस्ट 2024 मध्ये ‘मेकम्युझिक’ या कंपनीने तिचा विकास थांबवत असल्याचे जाहीर केले. दिलेले कारण असे : आज्ञावलीच्या लक्षावधी ओळी साचल्या आहेत आणि त्यांत नवी भर घालणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. कंपनीने वापरकर्त्यांना ‘डोरिको’ या दुसऱ्या प्रणालीकडे वळण्याचा सल्ला दिला.

प्रत्येक पुरवलेली मागणी पुढे सांभाळावी लागते. ती दुसऱ्या सोयींना धक्का देते, जुन्या फायली उघडल्या पाहिजेत म्हणून काढूनही टाकता येत नाही. वाड्याला प्रत्येक पिढीने एक खोली वाढवावी आणि शेवटी कोणत्या भिंतीवर कोणते छप्पर टेकले आहे हेच कळू नये, तशी अवस्था होते.

याच घटनेत दुसरी बाजूही दिसते. घोषणेनुसार वर्षभरानंतर नव्या संगणकावर फिनाले अधिकृतपणे सुरू करता येणार नव्हती. आपल्या आयुष्यभराच्या रचना कुलूपबंद होतील, या भीतीने वापरकर्त्यांनी तीव्र विरोध केला. कंपनीने लगेचच हा निर्णय बदलला आणि ती सोय मुदतीविना चालू ठेवण्याचे सांगितले. या वेळची मागणी नव्या सोयीची नव्हती. ‘आमचे लिहिलेले आम्हाला उघडता येऊ द्या’ एवढेच लोक म्हणत होते. ती ऐकली गेली, कारण मागणारे संख्येने मोठे होते आणि त्यांना आवाज होता.

9. इतिहासाची सामग्री म्हणून मागणी

वरील दोन उदाहरणांवरून, मागणी हे ऐतिहासिक साधन म्हणून कसे वाचावे, हे ठरवता येईल. एखाद्या प्रणालीच्या आवृत्त्या, माहितीपुस्तिका, जुन्या फायली किंवा पत्रव्यवहार तुमच्या हाती आला, तर चार प्रश्न विचारा.

(अ) मागणाऱ्याने कोणती सोय मागितली, आणि ती कोणत्या कामासाठी हवी होती? बोल लवकर टिपणे ही सोय. कायद्याचे नियम समजून घेणे हे काम.

(आ) उत्तरात काय दिले : एका शैलीचा ठरावीक नियम, की वापरणाऱ्याने आपला नियम मांडावा अशी क्षमता?

(इ) उत्तर बरोबर आहे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे होता? यंत्र बनवणाऱ्याकडे, विकत घेणाऱ्याकडे, की संगीत जाणणाऱ्याकडे?

(ई) कोणी मागायलाच आले नाही? मागणी नोंदवायला वेळ, भाषा आणि आपले कोणी ऐकेल हा विश्वास लागतो. ज्यांच्याकडे तो नसतो, त्यांची गरज नोंदींत दिसत नाही.

चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे. उस्तादांसमोर पलटे ठेवणारे कोणी नसते, तर बोल प्रोसेसर ही केवळ टंकलेखनाची सोय राहिली असती आणि तिच्याविषयी कोणीही तक्रार केली नसती.

10. सारांश

बोल प्रोसेसरची वाढ टंकलेखनाच्या एका मागणीतून सुरू झाली. बोल हे एकक मानल्यामुळे तिला व्याकरण जोडता आले. खाली-भरीसाठी सरसकट बदलाऐवजी मूळ आणि प्रत यांची योजना आली. उस्तादांच्या नकारांनी व्याकरण घडले, आणि मध्यस्थाच्या पूर्वग्रहाची जाणीव झाल्यावर शिकणारी प्रणाली आली. फिनालेच्या इतिहासात, वर्षानुवर्षे मागण्या पुरवत गेल्यावर साचणारे ओझे दिसते. मागणी ऐकणे आवश्यक आहे. तिच्यामागचे काम समजून घेणे आणि न मागणाऱ्याकडे स्वतः जाणे, ही त्यापुढची जबाबदारी आहे. तुमच्यापैकी काही जण उद्या अशा प्रणाली लिहितील, बरेच जण त्या वापरतील. दोन्ही बाजूंना हा इतिहास उपयोगी पडेल.

स्वाध्याय

1. खाली-भरीचे उदाहरण घेऊन मागणी आणि गरज यांतील फरक स्पष्ट करा.
2. व्याकरण ‘सैल’ आणि ‘घट्ट’ असण्याने होणाऱ्या चुका सांगा. दुसरी चूक लपून का राहते?
3. तुमच्या प्रदेशातील एखादा वाद्यप्रकार किंवा लोकगीतप्रकार निवडा. तो लिहिण्यासाठी संगणकाला कोणते एकक शिकवावे लागेल? तुमचे उत्तर त्या कलेच्या एखाद्या जाणकारासमोर ठेवा आणि त्यांनी सुचवलेल्या दुरुस्त्या नोंदवा.